आजोबांचा शिकारीचा सुरा: घासून लख्ख करू की आहे तसा ठेवू?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मे महिन्यात गावी गेलो होतो, संगमेश्वर तालुका, अगदी घाटाच्या पायथ्याला. कौलं परतायची होती म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या कणगीच्या मागे गोणपाटात गुंडाळलेला आजोबांचा शिकारीचा सुरा सापडला. आजवर नुसता ऐकून होतो, पाहिला पहिल्यांदाच.

पातं साडेसात इंच, पाठीकडे साधारण ५ मिलिमीटर जाड, टोकाला निमुळतं. मूठ काळपट, सांबरशिंगाची, पितळी खिळ्यांनी ठोकलेली; पुढे हाताआड, म्हणजे हात धारेवर घसरू नये म्हणून असते ती आडवी पट्टी, नाही. कातडी म्यान लाकडासारखं कडक झालंय, आणि म्यानाला टेकणाऱ्या पितळेवर हिरवा थर आलाय. पात्यावर तांबेरा. मुठीच्या जरा पुढे, पात्याच्या दोन्ही अंगांना लाल पट्टे आहेत. रक्त असावं. बघून अंगावर काटा आला.

घरात सांगतात ते असं: आजोबांनी हा सुरा गावच्या लोहाराकडून लढाईतल्या जीपच्या कमानीच्या पाट्यापासून करवून घेतला, आणि एकदा जखमी रानडुक्कर अंगावर आलं तेव्हा ह्याच सुऱ्याने एकट्याने लोळवलं. आजोबा १९८८ साली गेले.

प्रश्न साधा आहे. धाकटा भाऊ म्हणतो ग्राइंडर मारून चकचकीत करू आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावू. माझा हात धजत नाही. काय करावं?

चिंचेचं_बोट

आधी भावाच्या हातातून ग्राइंडर काढून घ्या. बाकीचं सावकाश बोलू.

ऐरण

बोटाशी सहमत. कारण सांगतो, आमच्या घरी दोन पिढ्या भट्टी होती.

लोहार पातं लाल करून घडवतो, पण घडवल्याने धार टिकत नाही. शेवटी पातं पुन्हा तापवायचं, लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत (साधारण ७७० अंश), आणि मग धारेकडचा भाग पाण्यात किंवा तेलात बुडवायचा. ह्याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. नुसतं एवढं केलं तर धार काचेसारखी ठिसूळ होते, म्हणून परत हलकी आच द्यायची. घासून उजळ केलेल्या पोलादावर रंग चढत जातात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबलात तर धार कडक, निळ्यावर गेलात तर मऊ आणि लवचीक. माझे वडील अंधाऱ्या कोपऱ्यात बसून हा रंग बघायचे, बाहेरच्या उजेडात चुकतो म्हणून.

ग्राइंडरने धार मिनिटभरात निळी पडते. लोहाराने दिवसभर खपून दिलेलं पाणी तिथेच उतरतं. दिसायला लख्ख, कापायला पत्रा.

काय करा: खोबरेल नको, कालांतराने चिकट होतं आणि खवट वास मारतं. शिलाई मशीनचं तेल लावून एक रात्र ठेवा, सकाळी सुती फडक्याने पुसा. लाल तांबेरा निघेल तेवढा काढा. खालचा काळसर थर हा पात्याचं कातडं आहे, त्याला हात लावू नका. आणि सुरा म्यानात घालून ठेवू नका. जुनं कातडं हिरड्या-बाभळीत कमावलेलं असतं, ते कोकणातली ओल धरून ठेवतं. पितळेवरचा हिरवा थर त्यानेच आलाय. म्यान वेगळं, सुरा वेगळा.

सांजवात

मला ह्या धाग्याचा सूर पटला नाही. मुक्या जनावरांच्या रक्ताने माखलेल्या हत्याराचं एवढं कौतुक? गंज चढतोय तर चढू द्या.

मालवणी_तात्या

सांजवाते, तुमचा म्हणणा बरोबर. पण भात पोटरीत इलेला असताना एका रात्रीत पंधरा डुकरा वाफे उलथून गेली की मगे कसा वाटता ता येकदा येवन बघा. चाय आमच्याकडे.

काळा_कोट

तांबेरा-बिंबेरा नंतर. धागाकर्ते, "सांबरशिंगाची मूठ" हे शब्द तुम्ही फारच बिनधास्त लिहिलेत.

पात्याची चिंता नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा विचार होतो, तुमचं त्यात बसत नाही. पण मूठ खरोखर सांबराची असेल तर ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येते. जुनी आहे, आजोबांची आहे, हे म्हणून भागत नाही. जवळ असलेल्या वस्तू जाहीर करायला २००३ साली सरकारने सहा महिन्यांची मुदत दिली होती. वारशाने आली असेल तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे कळवायचं असतं. विकणं, भेट देणं तर सोडाच. हॉलमध्ये फ्रेम करून लावणं म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने भिंतीवर टांगणं.

गुळपोळी

पण सांबराचं शिंग दरवर्षी गळून पडतं ना? रानात सापडलेलं उचललं तर त्यात शिकार कुठे आली?

काळा_कोट

गळलेलं असो वा कापलेलं, शिंग ते शिंग. कायद्यात मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांना सूट आहे, शिंगाला नाही.

पायवाट

बापरे. मी ते पुण्याला आणणार होतो, यष्टीने, पिशवीत, लोणच्याच्या बरणीशेजारी.

चिंचेचं_बोट

बरणीचं झाकण घट्ट लावा. कायद्यापेक्षा तेल गळण्याचा धोका मोठा.

जुना_बाजार

अवांतर, पण सांबरशिंगाची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडात शेफील्डचे चाकूवाले मुठींसाठी भारतातली सांबरशिंगं मागवत, जहाजं भरभरून. मग त्याच मुठी लावलेले सुरे इकडे साहेबाला आणि संस्थानिकांना दामदुप्पट किमतीत विकले जात. शिंग सह्याद्रीतलं, पोलाद शेफील्डचं, गिऱ्हाईक पुन्हा इथलंच. त्यांची नक्कल करून मग आपल्या लोहारांनी देशी मुठी घडवल्या. त्यामुळे खेड्यातला सुरा साहेबी दिसला तर नवल नाही.

पण त्याच कारणाने पायवाट, जरा थांबा. काळी मूठ म्हणता. सांबराचं शिंग सहसा काळं कुळकुळीत नसतं. बाहेरून खडबडीत, झाडाच्या सालीसारखं, आणि कापलेल्या टोकाला मधोमध पावाच्या तुकड्यासारखा सच्छिद्र गाभा दिसतो. मुठीच्या बुडाचा फोटो टाका. कडेला उन्हात धरून पण बघा. तापलेली सुई टोचायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मूठ खराब होते.

टांपेरेकर

मी फिनलंडमध्ये राहते. इथे प्रत्येक घरात पुक्को असतो, छोटा सरळ पात्याचा सुरा, मूठ बर्चच्या लाकडाची नाहीतर सालीची. काउहावा नावाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. मासे साफ करायला, लाकूड सोलायला, शिकारीनंतर हरणाला, सगळ्याला तोच. भेट म्हणून देतात, पण कारण नसताना शहरात कमरेला लावून फिरलात तर पोलीस विचारतात.

सासरे म्हणाले ते आठवलं: सुरा कशाला वापरला ते मालकाला विचारू नये, पात्याला विचारावं. कुठे झिजलंय ते बघा.

ऐरण

टांपेरेकरांच्या सासऱ्यांना दंडवत. मीही तेच विचारणार होतो.

पायवाट, तीन गोष्टी सांगा. एक, सुरा समोर धरा, धार खाली, टोक तुमच्यापासून लांब. धारेचा उतार कुठल्या अंगाला जास्त घासलाय? दोन, पाठीवर हातोडीचे किंवा दगडाचे ठोके आहेत का? तीन, झीज टोकाकडे आहे, मध्ये पोटात आहे, की मुठीजवळ?

पायवाट

आत्ता बघितलं. उतार डावीकडे जास्त, उजवी बाजू जवळजवळ सपाट. पाठ एकदम स्वच्छ, एकही ठोका नाही. झीज सगळी टोकाकडच्या अडीच इंचांत, तिथे पातं इतकं बारीक झालंय की बोटाने दाबलं तर लवतं. मुठीजवळची धार नव्यासारखी.

ऐरण

मग वाईट वाटून घेऊ नका, पण ह्या सुऱ्याने डुक्कर लोळवलेलं नाही.

डुकराशी दोन हात केलेला सुरा असता तर टोक मोडलं असतं किंवा निदान बोथटलं असतं. त्याची मानेवरची कातडी आणि खांद्याचा भाग म्हणजे टायर. शिवाय ह्याला हाताआड नाही म्हणता? मूठ ओली झाली की हात सरळ धारेवर घसरतो. भोसकायला केलेला सुराच नाही हा. पाठीवर ठोके नाहीत, म्हणजे हाडं फोडायला वेगळा कोयता होता. टोकाच्या अडीच इंचांत झीज म्हणजे एकच काम: सोलणं. कातडं आणि मांस ह्यांच्यामध्ये टोक हलकेच फिरवत जायचं, पुन्हा पुन्हा धार लावत. वर्षानुवर्षं. हे शिकाऱ्याचं नव्हे, सोलणाऱ्याचं हत्यार आहे.

आणि दुसरं. उजव्या हाताचा माणूस उतार उजव्या अंगाला ठेवतो. हा वापरणारा डावखुरा होता. तुमचे आजोबा डावखुरे होते का?

पायवाट

नाही. आजोबांची सही, विळा धरणं, जेवणं, सगळं उजव्या हाताने. निदान बाबा तरी तसंच म्हणतात.

गुळपोळी

धागा आता रहस्यकथा झाला. चहा टाकते.

सुगरण_सई

रक्ताबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलते. कोंबडी-मटण रोज हाताळते. रक्त तासाभरात काळपट पडतं, दोन दिवसांत तपकिरी. पन्नास वर्षं लाल राहिलेलं रक्त मी तरी पाहिलं नाही. तुमचे पट्टे मुठीपुढे, दोन्ही अंगांना, आणि जोडीने आहेत ना? दोन बोटं ओढल्यासारखे? अहो ते कुंकू आहे. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुसून पूजतात तेव्हा असंच लावतात. तेलकट पात्यावर लावलेलं कुंकू बसतं घट्ट.

पायवाट

...बरोबर. एका पट्ट्याच्या कडेला पिवळं पण आहे. हळद. मी अंगावर काटा आणून घेतला उगाच.

सांजवात

निदान तेवढं तरी बरं.

घाटपायथा

माझं वय ७४. लांज्याजवळच्या गावातला. लहानपणी पारधीला हाकाऱ्यात गेलोय, म्हणून थोडं लिहितो.

पारध म्हणजे एका शूराचं काम असा समज सिनेमाने करून दिलाय. अर्धा गाव जायचा. पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक एखाद-दोन घरांत, बहुतेक ठासणीची. बंदूकवाले रानाच्या एका अंगाला ठरलेल्या जागांवर बसायचे, बाकीचे आम्ही डबे वाजवत, ओरडत दुसऱ्या अंगाने रान काढत यायचो. बार झाला, जनावर पडलं, की बंदूकवाला बिडी पेटवायचा. खरी घाई तिथून पुढे. आपल्या हवेत तासाभरात पोट फुगतं. आतडी काढायची, पित्ताशय न फोडता, नाहीतर सगळं मटण कडू. डुकराला सोलत नाहीत, पेंढ्यावर भाजून केस खरवडतात. सांबर, भेकर मात्र सोलायचं.

आणि ते काम गावात एक-दोघांनाच यायचं. बंदुकीच्या मालकाला कधीच नाही. कुणाच्या हातचं कुणी काय करायचं हे तेव्हा जातीनेही ठरलेलं असे, ते उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वाटे पडायचे तेव्हा मुंडी बंदूकवाल्याची, हाकाऱ्यांना सारखे वाटे, सोलणाऱ्याला कातडं आणि एक वाटा जास्त. आमच्याकडे तरी असं होतं.

१९७२ चा कायदा आला, आणि हळूहळू पारधी थांबल्या. आता डुकरं परसात येतात आणि वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. पण तो वेगळा धागा.

ऐरण म्हणतात ते मला पटतं. पायवाट, घरातल्या बायकांना विचारा. पुरुषांना बंदूक आठवते, बायकांना कोण ओटीवर बसून काय करत होता ते आठवतं.

मालवणी_तात्या

घाटपायथा काकांनू, येगळो धागो काढाच. मी पयलो प्रतिसाद देतंय.

चिंचेचं_बोट

लढाईतल्या जीपबद्दल कुणी काही बोललं नाही. माझ्या ओळखीत प्रत्येकाच्या आजोबांचा कोयता लढाईतल्या जीपच्या पाट्याचा आहे. एवढ्या जीपा होत्या तर लढाई कोकणातच झाली असणार.

ऐरण

हसा, पण अगदीच थाप नाही ती. १९४५ नंतर लष्कराच्या जीप आणि ट्रक लिलावात निघाले, आणि कमानीचा पाटा म्हणजे लोहाराला सोनं. चांगल्या कर्बाचं पोलाद, जाडी आयती. मोडका पाटा कुणाच्या ट्रकचा का असेना, गिऱ्हाइकाला जीपचा सांगितला की चार आणे जास्त मिळत असतील. मूठ सैल होऊन आतली दांडी कधी दिसली तर बघा, पाट्याच्या मधल्या बोल्टच्या भोकाची अर्धी कड राहिलेली असते कधीकधी. पण मुद्दाम मूठ काढू नका.

पायवाट

मुठीच्या बुडाचा फोटो टाकलाय. गाभा वगैरे काही दिसत नाही. एका कडेला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेत, आणि उन्हात धरल्यावर तो पापुद्रा तपकिरी, पारदर्शक दिसला. शिवाय बारीक बारीक खड्डे आहेत, कसर लागल्यासारखे.

जुना_बाजार

म्हैस. शंभर टक्के म्हशीचं शिंग. पापुद्रे सुटणं आणि कसर लागणं ही त्याचीच लक्षणं. शिंगाच्या टोकाचा भरीव भाग घेऊन मूठ करतात. नखासारखा पदार्थ असतो तो, किडे आवडीने खातात. अधूनमधून हलका तेलाचा हात द्या.

काळा_कोट

माझी फी मी माफ करतो. म्हशीवर वनखात्याचा अधिकार नाही.

चिंचेचं_बोट

सांबराची म्हैस झाली, रक्ताचं कुंकू झालं. अजून दोन पानं धागा चालला तर सुऱ्याचा चमचा होणार.

पायवाट

काल आत्याला फोन केला. वय ८१, रत्नागिरीला असते. सुरा सापडला म्हटल्यावर पहिलंच वाक्य: "डावऱ्याचा ना?"

मी गप्पच.

तिने सांगितलेलं जमेल तसं लिहितो. गावात एक गडी होता, नाव वेगळं, पण सगळे डावराच म्हणत. डाव्या हाताने विळा चालवायचा म्हणून. पारधीनंतर सोलायला तोच. आजोबांकडे बंदुकीचा परवाना होता. "अरे तुझ्या आजोबांनी कधी कोंबडीसुद्धा कापली नाही. बार काढायचे आणि ओटीवर येऊन पाणी मागायचे." सुरा आजोबांनीच करवून घेतला, लोहाराला भात घालून, पण डावऱ्याला शेजारी बसवून त्याच्या हाताच्या मापाने. आधीच्या सुऱ्याने त्याचं बोट कापलं होतं म्हणे. सुरा आमच्याकडे राहायचा, कारण पारध आमच्या अंगणातून निघायची. तो यायचा, न्यायचा, संध्याकाळी धुऊन, पुसून ओटीवर परत ठेवायचा. घरात पाऊल टाकायचा नाही. हे आत्या सहज बोलून गेली, मला सहज ऐकवलं नाही. पण खंडेनवमीला आजी सुऱ्याला कुंकू लावायची, बंदुकीच्या शेजारी ठेवून.

मग तो मुंबईला गिरणीत लागला. जाताना सुरा आणून दिला आणि म्हणाला, गावी आलो की नेईन. नेला नाही. आत्याला त्यापुढचं माहीत नाही. आजीने गोणपाटात गुंडाळला असणार.

आणि डुकराची गोष्ट? आत्या खूप हसली. जखमी डुक्कर अंगावर आलं हे खरं. आजोबा आंब्यावर चढले. कुत्र्यांनी घेरलं आणि दुसऱ्या बंदूकवाल्याने बार टाकला.

घाटपायथा

शहाणा माणूस. मीही एकदा जांभळीवर चढलो होतो. डुकराचे सुळे समोरून पाहिलेला कुणीही चढतो.

सांजवात

मी मघाशी जे लिहिलं ते मागे घेत नाही. पण "घरात पाऊल टाकायचा नाही" हे वाचून हत्यारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला.

ऐरण

लोहाराने डावखुऱ्यासाठी उतार उलटा दिला, मूठ त्याच्या मापाने केली. ह्याला कारागीर म्हणतात. पात्यावर कुठे छाप आहे का? मुठीजवळ एखादा टिंब, चांदणी?

पायवाट

तेल लावून पुसल्यावर दिसलं. छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या रेघा, डाव्या अंगाला. नाव नाही.

गुळपोळी

मूळ प्रश्न सगळे विसरलो. लख्ख करायचा की तसाच ठेवायचा?

पायवाट

गणपतीला गावी जाऊन आलो, म्हणून उशिरा लिहितोय.

गंज ऐरणांनी सांगितलं तसाच काढला, तेल आणि फडकं, बस. काळा थर आहे. कुंकू आहे. धार लावली नाही.

डावऱ्याचं घर गावात आहे. नातू रिक्षा चालवतो, मला ओळखतही नव्हता. सुरा घेऊन गेलो, गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली. मग सुरा उजव्या हातात धरून वाळक्या काठीवर ओढून पाहिला आणि म्हणाला, "ह्याची धार उलटी हाय." त्याच्या आजोबांचं डावरेपण त्यालाही माहीत नव्हतं. त्यांचा फोटोही नाही घरात. आईला हाक मारली त्याने. ती म्हणाली सासरे गिरणी बंद पडल्यावर परत आले होते, दोन वर्षांत गेले. सुरा मागायला कधी आमच्या ओटीवर आले होते का, हे तिला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

सुरा तिथेच ठेवून आलो. म्यान त्याला नको होतं, वास येतो म्हणाला. ते माझ्याकडे आहे.

काळा_कोट

आणि भावाची फ्रेम?

पायवाट

भावाने त्यात आजोबांच्या बंदुकीचा परवाना लावलाय. फोटोत ते उजव्या हाताने सही करताहेत असं तो सगळ्यांना सांगतो, पण फोटो छातीपर्यंतचाच आहे.